जखमीबरोबर काय जातं?

लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची इमारत आहे. ७ जुलै २००५ रोजी सकाळी पावणेदहाच्या सुमारास, तिच्या अगदी दारात, ३० क्रमांकाच्या दुमजली बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्या दिवशी इमारतीत बैठकांसाठी बरेच डॉक्टर आलेले होते. ते धावत खाली आले. टेबलांच्या फळ्या काढून त्यांनी स्ट्रेचर केले आणि अंगणात जखमींना ओळीने झोपवलं. पीटर होल्डन या डॉक्टरांना मोठ्या दुर्घटना हाताळण्याचा अनुभव होता, त्यांनी सूत्रं हाती घेतली. स्फोटाच्या जागी पहिल्या काही मिनिटांत इतके डॉक्टर हजर असणं हे भाग्यच म्हणायचं. पण त्यांच्यापाशीही एक गोष्ट नव्हती. समोर पडलेला माणूस कोण, त्याला आधीपासून कोणता आजार, तो कुठली औषधं घेतो, त्याला कशाची ॲलर्जी, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. बेशुद्ध माणूस सांगणार कसा, आणि शुद्धीवर असलेल्याला त्या धक्क्यात आठवणार काय?

अपघात, स्फोट, विषबाधा, पक्षाघात, काहीही झालं की सगळ्यात आधी पोचणाऱ्यांत डॉक्टर क्वचितच असतो. शेजारी असतो, रिक्षावाला असतो, नाक्यावरचा हवालदार असतो, मग फायर ब्रिगेडचे जवान येतात, १०८ ची गाडी येते. या प्रत्येकाला जखमीविषयी थोडं थोडं कळलेलं असतं. माणूस एका हातातून दुसऱ्या हातात सोपवताना हे कळलेलं वाटेत गळत जातं, आणि शेवटी रुग्णालयातल्या डॉक्टरसमोर येतो तो कोऱ्या पाटीसारखा रुग्ण. आणीबाणीत लागणारी माहिती मुळात थोडीच असते, आणि ती कुणाला ना कुणाला माहीत असते. ती अडते ती बहुतेक वेळा भीतीपायी. कायद्याची भीती, पोलिसांची भीती, चार लोक काय म्हणतील याची भीती. उलट टोकाला, हीच माहिती नको त्यांच्या हाती जाते आणि माणूस आयुष्यातून उठतो. या दोन टोकांच्या मधली वाट आधीच ठरवून ठेवता येते, आणि काही देशांनी ती मोठी किंमत मोजून शोधली आहे.

लंडनचाच अनुभव पुढे पाहू. बसमधल्या स्फोटाच्या तासभर आधी भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांमध्ये स्फोट झाले होते. सुरुवातीला तो वीजपुरवठ्यातला बिघाड वाटला. बोगद्यात अडकलेल्या गाडीतले प्रवासी दोन्ही बाजूंच्या स्थानकांतून बाहेर पडत होते, त्यामुळे प्रत्यक्षात झाले त्याहून जास्त ठिकाणी स्फोट झाल्याचा समज पसरला. बोगद्यात आपत्कालीन सेवांचे रेडिओ चालत नव्हते. खाली किती जखमी आहेत, किती जण गंभीर आहेत, हे सांगायला माणसं जिन्यांवरून वर-खाली पळत होती. वर आलं तर मोबाइलचं जाळं कोलमडलेलं. १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्थानकातल्या आगीत ३१ जण गेले, तेव्हाच्या चौकशीने जमिनीखाली संपर्क चालू राहील अशी सोय करा असं बजावलं होतं. त्यानंतर अठरा वर्षं होत आली तरी ती सोय झाली नव्हती. लंडन असेंब्लीच्या समितीने २००६ च्या अहवालात याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली.

अशा गोंधळात जखमीबरोबर पहिली लेखी गोष्ट जाते ती म्हणजे एक रंगीत कार्ड. मनगटाला किंवा गळ्यात दोऱ्याने बांधतात. तपासणारा प्रत्येकापाशी अर्धा-एक मिनिटच थांबतो. जखमी चालू शकतो? मग हिरवं. चालता येत नाही, तर श्वास आहे का ते बघायचं. घसा मोकळा करूनही श्वास नसेल तर तो माणूस गेला असं धरून पुढे सरकायचं. हे मन घट्ट करून करावं लागतं. श्वास मिनिटाला दहाहून कमी किंवा तीस नि त्याहून जास्त असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर त्याचा गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तरी लाल. उरलेले पिवळे. कार्डावर नाव नसलं तरी अडत नाही, क्रमांक मात्र असावाच लागतो. त्या क्रमांकाखाली पुढे जे जे घडेल ते लिहिलं जातं. कुठल्या वेळी काय दिसलं, कुठलं इंजेक्शन दिलं, रक्त थांबवायला दंडावर पट्टा आवळला तर तो किती वाजता आवळला. ही शेवटची नोंद राहून गेली, तर पुढच्या डॉक्टरला तो हात वाचवता येईल की नाही याचा अंदाजच करता येत नाही.

त्या दिवशी लंडनमध्ये ५२ निरपराध माणसं मारली गेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. पण आपल्या विषयाचा महत्त्वाचा भाग नंतर घडला. चालू शकणारे शेकडो प्रवासी धुराने माखलेल्या अंगाने सरळ घरी निघून गेले, त्यांची नावं कुणी नीट टिपून घेतलीच नाहीत. काहींची नावं पोलिसांकडे होती, काहींची रुग्णालयांकडे, काहींची मदत केंद्रांकडे. या लोकांना पुढे झोप लागेना, गाडीत बसवेना. त्यांना शोधून मानसिक उपचार देण्यासाठी खास कार्यक्रम सुरू झाला, त्यात मानसतज्ज्ञ ख्रिस ब्रुइन होते. पण ज्यांच्याकडे याद्या होत्या त्यांनी माहिती संरक्षण कायद्यावर बोट ठेवलं आणि नावं द्यायला नकार दिला. मदत करणारे तयार होते, मदत हवी असलेले लोक होते, आणि मधे कायद्याचा एक चुकीचा अर्थ उभा होता.

चुकीचा अर्थ हे माझे शब्द आहेत, पण ब्रिटिश सरकारचा निष्कर्षही याच दिशेचा होता. २००६ मध्ये सरकारने या घटनेतून घ्यायच्या धड्यांचा अहवाल काढला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आपत्कालीन सेवांसाठी खास मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सांगावा थोडक्यात असा: माहिती संरक्षण कायदा आणीबाणीत माहिती देण्याच्या आड येत नाही. माणसाचा जीव वाचवण्यासाठी माहिती देण्याची मुभा त्यात आहे. आणि अधिकाऱ्याने विचाराची सुरुवात करताना माहिती दिली नाही तर काय नुकसान होईल हे आधी पाहावं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कचेरीतल्या माणसाला माहिती दिली तर आपल्यावर काय येईल हे लगेच दिसतं. न दिल्याने कुणाचं काय झालं, हे त्याच्या टेबलापर्यंत कधी पोचतच नाही.

लंडननंतर वर्षभराने, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत. पावसाळ्याचे दिवस, ऑफिस सुटायची वेळ, फोन लागेनात. तेव्हा महाराष्ट्रात १०८ ची सेवा नव्हती. रुळांशेजारच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले आणि त्याच चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, मिळेल त्या गाडीत घातलं. शीव, केईएम, कूपर, भाभा, भगवती अशा कितीतरी रुग्णालयांत माणसं पोचली. ज्यांनी हे केलं त्यांचे उपकार मुंबई विसरणार नाही. पण टॅक्सीतून उतरवलेल्या जखमीबरोबर कार्ड नव्हतं, क्रमांक नव्हता, तो कुठल्या गाडीतून काढला हे सांगणाराही बहुधा पुढच्या फेरीला निघून गेलेला. नातेवाईक रात्रभर एका रुग्णालयातून दुसऱ्यात हिंडत होते. दारावर लावलेल्या याद्या टॉर्चच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात वाचायच्या, नाव नसलं की पुढचं रुग्णालय, आणि शेवटी शवागार.

लंडनमध्ये याद्या कपाटात राहिल्या, मुंबईत त्या भिंतीवर लागल्या. मला विचाराल तर त्या रात्री भिंतीवरची यादी जास्त माणुसकीची होती. आईला मुलगा जिवंत आहे हे कळणं यापुढे दुसरं काही मोठं नाही. पण भिंतीवर नाव लागावं, फार तर वॉर्ड लागावा. त्यापुढे आजार लागू नये.

कुणाला, किती

पुढचा गुंता इथून सुरू होतो, कारण मदतीला येणाऱ्याचाही जीव असतो. फायर ब्रिगेडचा जवान काचा फोडून माणूस बाहेर काढतो, हाताला कापतं, जखमीचं रक्त त्या कापल्या जागी लागतं. जखमीला एचआयव्ही किंवा कावीळ ब असेल तर? एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्य तितक्या लवकर, जमलं तर दोन तासांत आणि फार झालं तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जवानाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि जखमीला आपला आजार गावभर न होण्याचा हक्क आहे. दोघंही बरोबर आहेत.

अमेरिकेने यावर १९९० मध्ये एक उत्तर काढलं. इंडियाना राज्यातल्या रायन व्हाइट या मुलाला हिमोफिलियाच्या उपचारांतून एचआयव्हीची लागण झाली होती. शाळेने त्याला येऊ नको म्हटलं, आणि त्याची लढाई देशभर गाजली. एप्रिल १९९० मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याच्या नावाने मंजूर झालेल्या कायद्यात आपत्कालीन सेवांतल्या लोकांसाठी एक भाग होता. प्रत्येक सेवेने एक अधिकारी नेमायचा. रक्त लागलेला जवान त्याच्याकडे जाणार, तो अधिकारी खरोखर धोका होता का ते पडताळून रुग्णालयाला विचारणार, आणि रुग्णालयाने ४८ तासांच्या आत कळवायचं. हवेतून पसरणारा क्षयासारखा रोग रुग्णात आढळला तर रुग्णालयाने कुणी विचारायची वाट न पाहता आपणहून कळवायचं. जवानाला कळतं ते एवढंच की अमुक रोगाशी तुझा संपर्क आला. रुग्णाचं नाव त्यात उघड होत नाही. २००६ मध्ये कायद्याचं नूतनीकरण होताना हा भाग गळला, तो २००९ मध्ये परत घालावा लागला. लागलेलं रक्त, विचारणारा एक माणूस, उत्तर देणारा एक माणूस आणि ठरलेली मुदत, इतकी साधी ही व्यवस्था आहे. मला ती फार सुबक वाटते.

कोविडमध्ये हाच प्रश्न घराघरापर्यंत पोचला. अमेरिकेत अनेक राज्यांनी लागण झालेल्यांचे पत्ते आपत्कालीन सेवांना द्यायला सुरुवात केली. तिथल्या आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की रुग्णालय अशी यादी ॲम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षाला देऊ शकतं. मात्र कक्षाने ती आपल्यापाशीच ठेवायची. एखाद्या पत्त्यावरून फोन आला की तिथे निघालेल्या गाडीला तेवढ्या पत्त्यापुरतं सांगायचं. सगळी यादी सगळ्यांच्या हातात द्यायची नाही आणि बाहेर तर मुळीच जाऊ द्यायची नाही. फोन आलेल्या पत्त्यापुरतं, निघालेल्या माणसांपुरतं, हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. तरी एक धोका उरतोच. यादीत नसलेल्या घरात रोग नाही असं समजून माणसं मास्क न लावता आत जातात. म्हणून जाणकार म्हणत आले की प्रत्येक रुग्ण संसर्गी आहे असं धरूनच हातमोजे, मास्क वापरा. ही सवय असेल तर निम्म्या चौकश्यांची गरजच राहत नाही.

आपल्याकडे त्याच मार्चमध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. अनेक राज्यांत घरांवर पोस्टर लागली. हेतू संसर्ग थांबवण्याचा होता हे मान्य, पण पोस्टर वाचणाऱ्यांत मदतीला जाणारे किती आणि वाळीत टाकणारे किती? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याशिवाय कोविड रुग्णांच्या घरावर पोस्टर लावता येणार नाहीत. तोवर नऊ महिने गेले होते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आधीपासून आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही, आणि संसर्गाचा धोका असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि बचावाची औषधं देणं संस्थेवर बंधनकारक आहे. वॉर्डात पलंगाच्या पायथ्याशी लाल अक्षरांत काहीतरी लिहून ठेवायची रीत या कायद्यात बसत नाही. ती जिथे दिसेल तिथे बंद पाडली पाहिजे.

बाटली घेऊन या

आता गावाकडे येऊ, कारण माहिती दडल्याने जीव जाण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या शेतीच्या पट्ट्यात आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. फवारणीतून असो की कुणी औषध प्यायल्याने असो, रुग्ण आला की डॉक्टरचा पहिला प्रश्न एकच असतो: औषध कुठलं होतं? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर तोंडातून लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात, आणि ॲट्रोपिन लगेच, भरपूर द्यावं लागतं. दुसऱ्या एखाद्या कीटकनाशकाला ॲट्रोपिनचा उपयोगच नसतो. काही तणनाशकांच्या विषबाधेत तर ऑक्सिजनसुद्धा हात राखून द्यावा लागतो, कारण जास्त ऑक्सिजन फुप्फुसाचं नुकसान वाढवतो. म्हणजे गाडीत मास्क लावायचा की नाही, हे बाटलीवरच्या लेबलवर ठरतं.

आणि ती बाटली घरचे लोक लपवतात. पोलीस केस होईल, गावात बभ्रा होईल, मुलीचं लग्न अडेल, या भीतीने ती उकिरड्यावर फेकली जाते. गाडीतल्या डॉक्टरला सांगितलं जातं की चक्कर आली, पोट बिघडलं. अशा घरांतल्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं ते नोंदीसाठी. बाटली, डबा, फाटलेलं पाकीट, जे सापडेल ते पिशवीत घालून रुग्णाबरोबर द्यावं. आशाताईंनी हे एवढं प्रत्येक घरात सांगितलं तरी फार मोठं काम होईल.

पक्षाघाताचंही असंच. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. सकाळी सहाला आजोबांना उठवायला गेलं तर हात उचलत नाही, तोंड वाकडं. घरचे सांगतात, सहाला झालं. खरं तर सहाला दिसलं. ते शेवटचे ठणठणीत कधी होते? रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा, की पहाटे साडेचारला स्वतः उठून बाथरूमला गेले तेव्हा? पहाटेचं कुणी पाहिलं असेल तर इंजेक्शन देता येण्याची शक्यता उरते. हे घरातल्या एखाद्या माणसालाच ठाऊक असतं आणि तो बहुधा रुग्णालयात येत नाही, घरी दार लावायला थांबतो. गाडीवरच्या डॉक्टरने घरातून निघण्याआधी हा एक प्रश्न विचारला आणि त्या माणसाचा फोन नंबर हातावर लिहून घेतला, तरी पुढचं काम सोपं होतं.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्त साचू शकतं. बाहेरून टेंगळाएवढंच दिसतं. मधुमेहाची गोळी घेणारा साखर कमी होऊन पडला आणि ग्लुकोजने शुद्धीवर आला, तरी काही गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा खाली जाते. अशा माणसाला लगेच घरी पाठवायचं नसतं. हे सगळं उशाशी ठेवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या डब्यात लिहिलेलं असतं. डबाच उचलून गाडीत घालावा.

मग हे सगळं रुग्णालयाच्या दारात नीट हातात पडायला हवं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू. पण कॅज्युअल्टीच्या दारात काय होतं? ट्रॉली आत जाते, चार हात एकदम रुग्णाकडे धावतात, कुणी कपडे कापतं, कुणी शीर शोधतं, आणि गाडीवरचा डॉक्टर सांगत असतो ते कुणाच्याच कानावर पडत नाही. ट्रॉमा केंद्रांमध्ये यावर शिकवला जाणारा उपाय असा: रुग्णाचा श्वास आणि नाडी चालू असेल तर सगळ्यांनी अर्धा मिनिट हात थांबवायचे. एकानेच बोलायचं. वय, वेळ, अपघात कसा झाला, जखमा कुठल्या, नाडी-बीपी-श्वास काय, वाटेत काय दिलं, याच क्रमाने सांगायचं. उदाहरणार्थ:

"पुरुष, अंदाजे चाळीस. सव्वानऊला दुचाकी डिव्हायडरवर आपटली, हेल्मेट नव्हतं. डोक्याला मागे जखम, डावी मांडी मोडली आहे. उचलला तेव्हा बोलत होता, वाटेत बोलायचा थांबला. नाडी एकशेवीस, बीपी नव्वद. मानेला कॉलर, मांडीला स्प्लिंट, ऑक्सिजन आणि एक सलाईन चालू."

या चार ओळींतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं? बोलत होता, वाटेत थांबला. कवटीच्या आत रक्त साचत असल्याचा तो इशारा आहे आणि त्यावर लगेच स्कॅन ठरतो. स्कॅनने काय झालं ते कळतं, पण तो दहा मिनिटांपूर्वी बोलत होता हे गाडीवरच्या माणसालाच माहीत असतं. ते न सांगता तो निघून गेला तर ती माहिती पुन्हा कुठेच मिळत नाही.

कधी कधी ती त्याच्याही आधीच्या माणसापाशी असते. अपघात पाहणारा, जखमीला उचलणारा पादचारी. तो थांबत नाही, कारण पोलीस, कोर्ट, साक्ष. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या औपचारिकता बाजूला ठेवून जखमीवर आधी उपचार करणं प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०१६ मध्ये न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यावर आपलं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे त्याने नाव न सांगता फक्त काय पाहिलं ते सांगून जावं, याला कायद्याची पूर्ण मुभा आहे. ही गोष्ट प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेली असायला हवी.

रुग्णालयांनाही आता कायद्याचा बाऊ करायचं कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात जिवाला धोका असलेली वैद्यकीय आणीबाणी, साथ आणि आपत्ती या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरायची तरतूद स्पष्ट आहे. सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखीच्या, म्हणजे आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी सर्वदूर झाल्या तर बेशुद्ध माणसाची औषधं पाहता येतील. पण त्या नोंदी कुणी, कधी, कशासाठी उघडल्या याची खूण मागे राहिली पाहिजे. आणि अपघातातल्या माणसाचा फोटो, रिपोर्ट, नाव व्हॉट्सॲपच्या गावभरच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे माहिती पोचवणं नव्हे. ज्याच्या हातात तो रुग्ण जाणार आहे त्या डॉक्टरला पाठवा. बाकी कुणाला पाठवू नका.

सरकार, रुग्णालयं आपापलं करतील तेव्हा करतील. एक काम मात्र आपल्या हातातलं आहे. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावचे डॉक्टर मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला बोट कापल्यावर धनुर्वाताच्या प्रतिविषाची चाचणी दिली आणि तिला इतकी तीव्र ॲलर्जी झाली की ती मरणाच्या दारातून परतली. पुढे ती घराबाहेर पडेल तेव्हा काय, या काळजीने आईवडिलांनी तिच्या ॲलर्जी कोरलेलं कडं तिच्या हातात घातलं. त्यातून १९५६ मध्ये मेडिकअलर्ट संस्था उभी राहिली. २००५ मध्ये इंग्लंडमधले ॲम्ब्युलन्स कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी आणीबाणीत कळवायचा नंबर मोबाइलमध्ये ठराविक नावाने ठेवा अशी मोहीम काढली, आणि लंडनच्या स्फोटांनंतर ती जगभर पसरली. आज तुमच्या फोनमध्ये लॉक न उघडता दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरायची सोय आहे.

त्यात रक्तगट लिहायची आपल्याकडे फार हौस आहे, मोटरसायकलच्या मागेही लिहितात. लिहा, पण त्यावर विसंबून कुठलंही रुग्णालय रक्त देत नाही. ते पुन्हा तपासूनच देतं, आणि तितका वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह देतं. त्यापेक्षा कामाच्या गोष्टी पाच: कशाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेहाचं औषध कोणतं, फिट्स येतात का किंवा पेसमेकर बसवला आहे का, आणि फोन कुणाला करायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन आज हातात घ्या आणि त्यांच्यासमोर बसून हे भरा. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा. आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा कुठे असतो, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत करून द्या.